खुंट्यावरचा हात

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ चुका झाल्या. काही मी विसरले, काहींवर मुलांनी हसून पांघरूण घातलं. एक मात्र तशीच आहे, आणि ती मी चार माणसांच्या कानांवर जाईल अशा आवाजात, अगदी खरं बोलून केली. खोटं बोलले असते तर निदान शब्द मागे तरी घेता आला असता.

ठाण्याला तळ्यापासून थोडं आत आमचं घर होतं. मामंजी कचेरीत कारकून, थोरले दीर त्यांच्याच हाताखाली चिकटलेले, आणि आमची स्वारी अजून इंग्रजी घोकत होती. मी चौदाव्या वर्षी नांदायला आले. घरात बायका तीन: सासूबाई, थोरल्या जाऊबाई आणि मी. जाऊबाई माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या. गोऱ्यापान, गाल भरलेले, आणि केस असे की न्हाऊन बाहेर आल्या की शेजारणी बघत राहायच्या. ह्या बाईला काही दुखत असेल असं त्यांच्याकडे बघून कोणाच्या मनातही आलं नसतं. माझ्याही नाही.

मी येण्याच्या आदल्या वर्षी त्यांचं पहिलं बाळंतपण झालं होतं. मूल महिनाभरही राहिलं नाही. तेव्हापासून त्यांचे सांधे धरायला लागले होते. मी आले त्याच साली त्यांनी भीत भीत सासूबाईंच्या कानावर घातलं, म्हणून खोपट भागातल्या एका वैद्यांना बोलावणं गेलं. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, आणि म्हणाले, "नाडी उत्तम, भूक उत्तम, तोंडावर तेज आहे. आणखी काय हवं? काम थोडं वाढवा, अंग मोकळं होईल." झालं! त्या संध्याकाळी मामंजी पानावर बसले असताना सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "आजारी सून जन्मभर उशाशी घेऊन बसायला ही काय धर्मशाळा आहे? अजून वर्ष-दोन वर्षं बघेन. कामाला उभी राहिली तर ठीक, नाहीतर मुलगा काही म्हातारा झालेला नाही. मुलींना काय तोटा!" थोरले दीर तिथेच जेवत होते. त्यांनी ताक मागितलं. जाऊबाईंनीच ते वाढलं.

त्यानंतर दुखण्याचा शब्द त्यांनी काढला नाही. दुखतं म्हणायचं म्हणजे सवत घरात आणायची, एवढं त्यांना पक्कं समजलं होतं.

पहाटे आम्ही दोघी जात्यावर बसायचो. ज्यांनी जोडीने दळलंय त्यांना सांगायला नको, समोरची ओढते की नुसता हात ठेवून बसलीय हे खुंट्यात लगेच कळतं. तोंडाने काही बोला, खुंटा खोटं बोलत नाही. आमच्या जात्याचा अर्धा फेरा मी ओढायची आणि उरलेला अर्धाही मीच ओढायची. जाऊबाईंचा हात माझ्या हाताखाली नुसता फिरायचा. मी मनात म्हणायची, बघा कशी राणी बसलीय! दुपारी ह्याच बाई अंगणात वाळवण घालताना सरसर चालायच्या, हसायच्या, वेणी घालायच्या. सकाळी मोडलेल्या आणि दुपारी धडधाकट, हे कसलं दुखणं? सासूबाई 'नाटकी' म्हणायच्या आणि मला ते पटायचं.

आणि त्यात त्यांचं ते दूर बसणं. त्या काळी कावळा शिवला की बाईने तीन दिवस मागच्या पडवीत बसायचं. घोंगडी वेगळी, तांब्या वेगळा, कशाला हात लावायचा नाही, कोणाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात. आम्हा सगळ्यांना त्या दिवसांची लाज वाटायची, कंटाळा यायचा. जाऊबाई मात्र पडवीत भिंतीला टेकून, पाय लांब करून, डोळे मिटून अशा बसायच्या की जणू माहेरी आल्यात. खरं माहेर त्यांना नव्हतंच. आईबाप गेलेले, एक चुलता देशावर कुठेतरी.

त्या बसल्या की दोघींचं काम माझ्या एकटीवर. पाणी, भांडी, दळण, सगळं. काही महिन्यांत माझ्या ध्यानात आलं, की ह्यांचा कावळा फारच वेळा येतो. मी कोठीच्या दाराआड कोळशाने रेघा मारायला लागले. त्या बसल्या की एक आडवी रेघ, मधल्या दर दिवसाला एक उभी. कधी उभ्या रेघा सतरा, कधी चौदा. मी कोणाला बोलले नाही, पण रेघा पुसल्याही नाहीत. राग साठवायची मला सवयच होती, अजून आहे.

दोन वर्षं अशी गेली. मग कल्याणला माझ्या धाकट्या भावाची मुंज ठरली. तो माझ्या कडेवर वाढलेला. वडील स्वतः मला न्यायला आले, ओसरीवर मामंजींशी पानसुपारी करत बसले. मी आत लुगड्यांची घडी घालतेय, तेवढ्यात सासूबाई दारातून म्हणाल्या, "कशी पाठवू व्याहीबुवा? थोरली कालपासून दूर बसलीय. दुसरी गेली तर घर कोण बघेल?"

वडील म्हणाले, "बरं तर, तुमची अडचण आहे."

त्यांचा पडलेला आवाज ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. मामंजींसमोर सुनेने शब्द काढायचा नाही, आणि ह्या विषयावर तर नाहीच नाही. मी दाराआड होते म्हणा, पण बोलले ते ओसरीपर्यंत जाईल असंच. "खोटं आहे ते! बाराच दिवस झाले त्यांना न्हाऊन! नेहमीच असं करतात. कोठीच्या दाराआड रेघा आहेत, मोजून बघा!"

वडिलांनी खाली बघितलं. सासूबाई कोठीत गेल्या, रेघा बघितल्या, आणि तशाच मागच्या पडवीत गेल्या. मी मागोमाग. जाऊबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"खरं का गं हे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सासूबाईंकडे बघितलं. "हो."

"का?"

"बसायला मिळतं म्हणून," त्या म्हणाल्या.

एवढंच. रडल्या नाहीत, हातापाया पडल्या नाहीत. मला आतून भरून आलं होतं ते जिंकल्याचं. आपण पकडलं ह्याचं. शी! आज लिहितानाही तोंड कडू होतं.

मला मुंजीला जायला मिळालं. चार दिवस मी मिरवले, हळदीकुंकवाची परात घेऊन फिरले, भावाला मातृभोजनाच्या पंक्तीत आईशेजारी बसलेला बघून रडलेसुद्धा. जाऊबाईंची आठवण आली नाही असं नाही, पण आली तशी गेली.

परत आले तो घर बदललेलं. सासूबाईंनी भटजींना विचारून सगळ्या घराची शुद्धी केली होती. त्यांचं म्हणणं असं, की जी बाई नसताना बसते ती असताना चुलीशी उभी राहिली नसेल कशावरून? देव बाटले, पितर बाटले, मामंजींचं पान बाटलं. जाऊबाईंना पंचगव्य, उपास, आणि विहिरीच्या गार पाण्याने रोज डोक्यावरून स्नान. आणि पुढे असा नेम, की कावळा शिवला म्हटलं की सासूबाई आधी स्वतः खात्री करून घेणार. कशी, ते मी लिहीत नाही. तीन वेळा झालं तसं, मग जाऊबाई खऱ्या दिवशीसुद्धा सांगायला कचरू लागल्या.

मी मुंजीतले भिक्षावळीचे लाडू आणले होते. एक पानात घेऊन त्यांच्याकडे गेले, तोंड लपवत. मला वाटलं भिरकावून देतील. त्या म्हणाल्या, "झाली का छान मुंज? बटू कसा दिसत होता?" मग लाडू तळहातावर घेऊन नुसत्या बसल्या. म्हणाल्या, "फोडून दे गं."

मला वाटलं टोमणा आहे. पण त्यांनी बोटं माझ्यासमोर धरली, आणि मिटायचा प्रयत्न केला. बोटं मिटेनात. अर्ध्यावर येऊन थरथरत थांबली. वरून हात नेहमीसारखा, गोरा, बांगड्यांनी भरलेला. मी पेरांवर हात ठेवला तो ती ऊन लागली, नुकत्याच उतरवलेल्या भांड्यासारखी.

"सकाळी असंच असतं," त्या म्हणाल्या. "उन्हं वर आली की सुटतात थोडी. कधी गुडघे, कधी खांदे, कधी सगळं एकदम. दिसत नाही ना काही, हाच घोटाळा आहे. मी देवाकडे काय मागते माहीत आहे? एखादं गळू दे म्हणते. चांगलं मोठं, कपाळावर. लोक बघतील आणि म्हणतील, अगं बाई, बस जरा."

आणि हसल्या. मी लाडू फोडला आणि रडत रडत त्यांना भरवला. दुसरं काय येत होतं मला?

ह्या दुखण्यावर सांगितल्याशिवाय विश्वास ठेवणारी मला एकच बाई भेटली. बाळकुमची भाजीवाली, शेतावरची वांगी-घेवडा घेऊन मागच्या दाराशी यायची. तिने एकदा जाऊबाईंना कळशी उचलताना बघितलं. बोटांनी न धरता त्या मनगट काठाखाली घालून उचलायच्या. मी दोन वर्षं रोज बघत होते, मला कधी दिसलं नव्हतं. ती पाटी खाली ठेवून म्हणाली, "बाय, तुजे सांध्यान वारा भरलाय. माजे आयसला पन असाच व्हता." पुढल्या खेपेला पाटीत भाजीच्या तळाशी निर्गुडीचा पाला आणला. मी न्हाणीघरात चोरून तो पाण्यात उकळायची आणि जाऊबाई त्या वाफेवर हात धरायच्या. बरं काही झालं नाही. पण त्या दिवशी कोणीतरी न तपासता ते मान्य केलं, ह्याचंच त्यांना किती बरं वाटलं होतं. दोन दिवस त्या "माजे आयसला पन" असं पुटपुटत होत्या.

मग जात्यावर आमची वाटणी झाली. सासूबाई माजघरात निजत, त्यांना पहाटे दोघींचा आवाज ऐकू जायला हवा. म्हणून ओढायचं मी आणि गायचं जाऊबाईंनी. गळा त्यांचा गोड होता. त्यांचा हात खुंट्यावर असायचाच, कोणी अचानक आलं तर दिसायला, पण वरचा माझा हात त्यांच्या बोटांवर दाब पडू द्यायचा नाही. मी घामाघूम झाले की त्या म्हणायच्या, "देवाने काम बरं वाटून दिलं, तुला दंड दिला, मला गळा." मी म्हणायची, "गळाच तेवढा चालतोय तुमचा, खाली ठेवू नका!" खरं सांगते, तांदळाच्या पिठाने पांढऱ्या झालेल्या त्या पहाटांइतकं मी सासरी कधी हसले नाही. वर्षभर असं चाललं. सासूबाई शेजारणीला सांगताना ऐकलं मी, "थोरली आता वळणावर आलीय." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलंही नाही, हसू फुटेल म्हणून.

आणि मग मला दिवस राहिले.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. सातव्या महिन्यात कल्याणला जायचं, आणि मूल तीन-चार महिन्यांचं झाल्यावर परत यायचं. घरात सगळे आनंदात, मी मात्र रोज बोटं मोजतेय. मी गेल्यावर जातं कोण ओढणार? सहा महिने! जाऊबाई म्हणाल्या, "तू नीट मोकळी हो, माझं मी बघेन." कसं बघणार होत्या?

आमच्या स्वारीला सांगितलं. "तुम्ही भावोजींशी बोला ना, त्यांचे हात खरंच चालत नाहीत." त्यांनी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हटलं, "बायकांच्या भानगडीत मी पडत नाही." भावोजींना तर सगळं माहीत असणारच, बायको होती त्यांची. पण मामंजींसमोर ज्यांनी कधी मीठ कमी आहे म्हटलं नाही, ते काय बोलणार!

शेवटी निघायच्या आदल्या दिवशी मी सासूबाईंपुढे जाऊन बसले. त्या वाती वळत होत्या. मी सगळं सांगितलं. बोटं सकाळी मिटत नाहीत, पेरं कढत असतात, मी स्वतः हात लावून बघितलंय. मी गेल्यावर दळणाला एखादी बाई लावा, मी पाया पडते. दळण मीच ओढत होते हेही बोलून गेले.

त्यांनी वात पुरी वळली, डब्यात ठेवली. म्हणाल्या, "खोटी आहे ती, हे मला कोणी सांगितलं?"

मी वातींच्या डब्याकडे बघितलं.

"तूच ना? रेघा मारून ठेवल्या होत्यास. तेव्हा खरं बोललीस, की आता बोलतेस? आणि वर्षभर दोघी मिळून मला गाणी ऐकवत होतात, असंच ना?"

आज पन्नास वर्षं होत आली, तो प्रश्न माझ्यापुढे तसाच आहे. तेव्हाही खरं बोलले होते हो, आणि आताही. पण पहिल्या खऱ्याने दुसऱ्याचं तोंड कायमचं बंद करून टाकलं होतं.

कल्याणला मला मुलगा झाला. बारशानंतर काही दिवसांनी वडिलांना पत्र आलं, त्यात खाली दोन ओळी: थोरल्या चिरंजीवांचा दुसरा विवाह योजिला आहे, मुलगी अकरा वर्षांची, घराणे चांगले. आईने माझ्यापासून ते लपवलं, दूध आटेल म्हणून. पण घरातल्या कुजबुजीवरून मला कळलंच. मी बाळाला पाजत बसले आणि माझ्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या टाळूवर पडत राहिलं.

चार महिन्यांचं मूल घेऊन ठाण्याला परत आले. दारात भाकरतुकडा ओवाळायला ती नवी मुलगी उभी होती, नाकात नथ, डोळे घाबरलेले. तिचा काय दोष? मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि विचारलं, "मोठ्या कुठे आहेत?" तिने मागे बोट दाखवलं.

जाऊबाई मागच्या पडवीत होत्या. आता त्यांचं अंथरूणच तिथे होतं. भांडी घासायची, शेणगोळा करायचा, आणि उरलेला वेळ तिथेच. जिथे बसायला मिळावं म्हणून त्यांनी खोटं बोलायचं सोसलं, ती जागा आता कायमची त्यांची झाली होती. गाल तसेच भरलेले. तोंडावर तेज तसंच. वैद्यबुवांनी पुन्हा बघितलं असतं तर पुन्हा उत्तम म्हटलं असतं.

मी बाळ पुढे केलं. त्यांनी मान हलवली. "नको गं. पडेल माझ्या हातून. हात भरवशाचे नाहीत राहिले." हे त्या मोठ्याने म्हणाल्या, आतपर्यंत ऐकू जाईल असं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आता लपवून वाचवायचं तरी काय होतं?

पण डोळे बाळावरून हलत नव्हते. त्यांचं स्वतःचं महिनाभराचं गेलेलं, हे मला माहीत होतं. आईने सोबतीला गड्याची बायको दिली होती, तिच्याकडे बाळ देऊन मी खाली बसले, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, जात्यावर बसायचो तशी. त्यांचे दोन्ही हात पुढे घेतले, त्यांच्याखाली माझे हात घातले, आणि गड्याच्या बायकोला म्हटलं, "ठेव ह्यांच्या हातांवर." तिने बाळ ठेवलं. सगळा भार माझ्या हातांवर होता आणि बाळ जाऊबाईंच्या हातांत होतं. ते त्यांच्याकडे बघून हसलं. त्या गायला लागल्या, जात्यावरचंच काहीतरी, हळू.

तेवढ्यात सासूबाई दाराशी आल्या. नातू बघायलाच आल्या असतील. उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, क्षणभर बघितलं, आणि आत वळत नव्या मुलीला म्हणाल्या, "बघून ठेव गं. भरवशाचे नाहीत म्हणे! मूल घ्यायला हात कसे छान चालतात."

जाऊबाई गायच्या थांबल्या. मला तेव्हा लाज, मान, काही राहिलं नाही. मी ओरडले, "खाली माझे हात आहेत, सासूबाई! इकडे या, वाकून बघा!"

मी हात काढू शकत नव्हते. बाळ पडलं असतं. तशीच बसून राहिले, दाराकडे बघत. ती नवी मुलगी उंबऱ्यापर्यंत आली आणि आतून हाक आली तशी परत गेली. वाकून बघायला कोणी आलं नाही.